सुपारी देणारा बेपत्ता

(मच्छे येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



जानेवारी महिन्यातले लागोपाठचे तीन दिवस आम्ही आज तुमच्यापुढे ठेवणार आहोत. त्यांतला मधला दिवस, १७ जानेवारी, सीमाभागातल्या कोणत्याही मराठी घराला समजावून सांगावा लागत नाही. १९५६ साली त्या दिवशी बेळगावात गोळीबार झाला आणि तेव्हापासून आपण दरवर्षी हुतात्म्यांना अभिवादन करतो. त्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख १८ जानेवारी. १९८२ साली त्या दिवशी, सोमवारी, मुंबईच्या कापड गिरण्यांचे भोंगे वाजले, पण कामगार आत गेला नाही. आणि आदला दिवस १६ जानेवारी. १९९७ साली त्या दिवशी, गुरुवारी, त्या संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत यांना पवईत त्यांच्या घराजवळ गोळ्या घालून मारण्यात आले.

विषय ठरवताना काही सभासदांनी विचारले की, सीमाप्रश्नाच्या व्यासपीठावर मुंबईच्या संपाचे काय काम? प्रश्न रास्त आहे. त्यावर आमचे म्हणणे असे की, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मुंबईच्या रस्त्यावर जो उतरला, ज्याने छातीवर गोळी झेलली, त्यात गिरणी कामगार मोठ्या संख्येने होता. आपल्या लढ्याचे ते देणेकरी नव्हेत, आपणच त्यांचे देणेकरी आहोत. दुसरे असे की, हा गिरणी कामगार आला कुठून? कोकणातून आला, साताऱ्याकडून आला, तसा चंदगड, आजरा, गडहिंग्लज आणि आपल्या पट्ट्यातूनही गेला. लालबाग-परळच्या चाळीत दहा बाय बाराच्या गावकीच्या खोलीत वीस-वीस माणसे पाळीपाळीने झोपत होती. एक पाळी कामावर, दुसरी अंथरुणावर. जेवण खानावळीत, आणि महिन्याची मनीऑर्डर गावाला. या सभेत बसलेल्या किती घरांची कौले त्या मनीऑर्डरीवर चढली आहेत, हे आम्ही नावे घेऊन सांगू शकतो. पण नको, ज्याचे त्याला ठाऊक आहे.

आता मुद्द्यावर येऊ.

डॉक्टर सामंत मूळचे मालवणजवळच्या देवबागचे. मुंबईत वैद्यकीचे शिक्षण घेऊन त्यांनी घाटकोपरला दवाखाना थाटला. पेशंट कोण, तर खडी फोडणारे, खाणीत काम करणारे मजूर. मजुराच्या छातीतला खोकला औषधाने जात नाही, तो खाणीतल्या धुळीने येतो, हे ज्या डॉक्टरला दिसते त्याला दोन वाटा असतात. एक तर बाटलीत औषध भरून देत राहायचे, नाहीतर खाणमालकाच्या दारात जायचे. हे दारात गेले. १९७२ मध्ये ते काँग्रेसच्या तिकिटावर आमदार झाले, आणि त्याच काँग्रेसच्या राजवटीत आणीबाणीत तुरुंगात गेले. १९८४ साली इंदिराजींच्या हत्येनंतर देशभर काँग्रेसची लाट असताना दक्षिण मध्य मुंबईतून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून आले. संप बुडाल्यावर निवडून आले, हे लक्षात ठेवा. ज्यांची चूल विझली होती त्यांनीच त्यांना मते दिली.

ते साधुसंत होते असे आम्ही म्हणणार नाही. त्यांच्या संघटनेच्या संपांत मारामाऱ्या झाल्या. १९७२ साली विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यातील हिंसाचाराशी त्यांचे नाव जोडले गेले ते कायमचेच. कंपनीचा ताळेबंद बघायलाही ते तयार नसत. कामगाराचे पोट किती मागते तेवढी मागणी, मालकाला परवडते की नाही हे मालकाने बघावे, असा खाक्या. कुठे त्यामुळे पगार दुप्पट झाले, कुठे कारखान्याला कुलूप लागले. दोन्ही बाजू आम्ही सांगतो, कारण अशा सभांत मेलेल्या माणसाला देव करून टाकायची आपल्याला सवय आहे, आणि देव केला की मग त्याच्या खुनाचा जाब कोणी विचारत नाही.

त्या गुरुवारी सकाळी अकराच्या सुमारास डॉक्टर पवईच्या घरातून आपल्या टाटा सुमो गाडीने घाटकोपरच्या पंतनगरमधल्या कार्यालयाकडे निघाले. घरापासून फार लांब गेले नव्हते. पद्मावती रस्त्यावर सायकलवाला आडवा आला म्हणून गाडी मंदावली. माणसे जवळ आली. आपलेच कामगार असतील, काही गाऱ्हाणे घेऊन आले असतील, अशा समजाने डॉक्टरांनी काच सरकवली. मग सतरा गोळ्या झाडल्या गेल्या. ड्रायव्हर जखमी झाला, डॉक्टर वाचले नाहीत.

ती काच खाली का गेली, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. उद्योगपती असता तर त्याने काच वर केली असती. ज्याच्याकडे रोज शंभर माणसे अर्ज घेऊन रस्त्यात गाडी अडवतात, त्याचा हात आपोआप काचेकडे जातो. मारेकऱ्यांनी, किंवा त्यांना धाडणाऱ्याने, ही सवय हेरलेली होती.

पुढे काय झाले ते ऐका. पोलिसांनी छोटा राजनच्या टोळीचे नाव घेतले. हा राजेंद्र निकाळजे चेंबूरच्या टिळकनगरचा. थिएटरबाहेर ब्लॅकने तिकिटे विकण्यापासून सुरुवात करून परदेशात बसून टोळी चालवण्यापर्यंत पोहोचलेला. स्थानिक आरोपींवर खटला चालला, जुलै २००० मध्ये निकाल लागला, काहींना शिक्षा झाली. टोळीतले वरचे म्हणून ज्यांची नावे होती ते फरारी दाखवले गेले आणि त्यांचा खटला वेगळा काढला गेला. मग पंधरा वर्षे गेली. २०१५ मध्ये राजन इंडोनेशियातील बाली बेटावर पकडला गेला, भारतात आणला गेला, त्याच्यावरची सगळी प्रकरणे सीबीआयकडे गेली. पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या खुनात त्याला २०१८ मध्ये जन्मठेप झाली. लोकांना वाटले आता सामंतांचाही छडा लागेल. २८ जुलै २०२३ रोजी मुंबईच्या विशेष न्यायालयाने सामंत खून प्रकरणातून त्याची निर्दोष मुक्तता केली. कटात त्याचा हात होता हे दाखवणारा पुरेसा पुरावा न्यायालयापुढे आला नाही. काही साक्षीदार उलटले. सव्वीस वर्षांनी साक्षीदार काय सांगणार? काही थकतात, काही घाबरतात, काहींना खरेच आठवत नाही.

न्यायालयाच्या निकालावर आम्ही इथे टीका करणार नाही. पुरावा नसेल तर सोडावेच लागते, आणि पुराव्याशिवाय एखाद्याला दोषी म्हणण्याची मोकळीक सरकारला दिली तर सीमाभागातल्या आपल्या कार्यकर्त्यांचे काय होईल याचा विचार करा. पण कायद्याच्या दृष्टीने आज चित्र काय उरले? गोळ्या झाडल्याबद्दल शिक्षा झाली. झाडायला कोणी सांगितले ते कोणत्याही न्यायालयात सिद्ध झालेले नाही. आणि त्याहून मागचा जो माणूस, ज्याने पैसे मोजले असतील, त्याचे तर आरोपपत्राच्या पलीकडे कुठे नावच नाही. टोळी स्वतःच्या रागाने डॉक्टरांना मारायला गेली असे मानायला आमचे मन तयार होत नाही. टोळीचे आणि डॉक्टरांचे भांडण ते काय? टोळी हा धंदा आहे, आणि धंद्यात गिऱ्हाईक असते. ते गिऱ्हाईक एक होते की चार होते, मालक होते की बिल्डर होते की कामगार चळवळीतलेच कोणी होते, यावर मुंबईच्या नाक्यानाक्यावर गेली कित्येक वर्षे गप्पा झडल्या आहेत. त्या गप्पांतली नावे आम्ही इथे घेणार नाही. पुराव्याविना नाव घेणे म्हणजे खऱ्या माणसाला आणखी एक आडोसा करून देणे.

जगात हे प्रकरण एकटे नाही. अमेरिकेत जिमी हॉफा नावाचा एक कामगार पुढारी होऊन गेला. ट्रक ड्रायव्हरांची टीमस्टर्स ही त्याची युनियन. १९५७ ते १९७१ तो तिचा अध्यक्ष होता. १९६४ मध्ये त्याने देशभरातल्या सुमारे चार लाख ट्रक ड्रायव्हरांसाठी एकच करार करून घेतला. आपल्या जुन्या एनएच फोरवरून पुण्या-मुंबईला माल नेणाऱ्या ड्रायव्हरांना विचारा, असा करार म्हणजे काय ते! पण याच युनियनचा पेन्शन फंड लास व्हेगासच्या जुगारअड्ड्यांना कर्जे देत होता, आणि त्या अड्ड्यांच्या मागे माफिया होता. हॉफा १९६७ मध्ये तुरुंगात गेला, १९७१ च्या डिसेंबरात राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याची शिक्षा कमी केली, पण १९८० पर्यंत युनियनच्या कामात पडायचे नाही या अटीवर. तो ऐकेना. त्याला खुर्ची परत हवी होती, आणि त्या खुर्चीभोवती आता बसलेल्यांना तो नको होता. ३० जुलै १९७५ रोजी दुपारी डेट्रॉइटजवळच्या एका हॉटेलच्या आवारात, दोघा माफिया सरदारांना भेटायला म्हणून तो गेला, आणि तिथून जो नाहीसा झाला तो आजतागायत. ना प्रेत, ना खटला, ना शिक्षा. १९८२ साली, म्हणजे आपला गिरणी संप चालू असताना, तिकडच्या न्यायालयाने त्याला कायद्याने मृत ठरवले. त्यानंतरही एफबीआय खोदतेच आहे. २००६ मध्ये मिशिगनमधले एक घोड्यांचे शेत खणले, पुढे न्यू जर्सीत एका पुलाखालच्या कचराभूमीपर्यंत शोध गेला. आपणच मारले असे सांगणारे निघाले, पुस्तके आली, २०१९ मध्ये मोठा सिनेमाही आला. हॉफा सापडला नाही.

मंडळींना वाटेल, दोन्ही गोष्टी सारख्याच. आम्हाला तसे वाटत नाही, आणि हा फरक सांगण्यासाठीच आम्ही हॉफाला इथपर्यंत आणले. तिकडे गुन्हेगार युनियनच्या आत होता. पुढाऱ्याने त्याला स्वतः आत घेतले, त्याच्याकडून काम करून घेतले, आणि एक दिवस तो पुढारीच घरात जड झाला. डॉक्टर सामंतांचे आयुष्यभराचे भांडण मालकांशी, सरकारशी आणि मान्यताप्राप्त संघटनेशी होते. टोळीच्या पैशावर त्यांनी संघटना चालवली नाही. तिकडे माणूसच बेपत्ता झाला. इकडे माणसाचे प्रेत भर रस्त्यात, दिवसाउजेडी मिळाले, हजारो कामगारांनी त्याला रडत निरोप दिला. इकडे बेपत्ता झाला तो सुपारी देणारा.

आपल्या देशात तो नेहमीच बेपत्ता होतो. भिलाईचे शंकर गुहा नियोगी आठवा. छत्तीसगडच्या खाणकामगारांचे पुढारी. २८ सप्टेंबर १९९१ च्या पहाटे घरात झोपलेले असताना खिडकीतून गोळी घालून त्यांना मारले. खालच्या न्यायालयाने उद्योगपतींसह आरोपींना दोषी ठरवले, उच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सर्वांना सोडले, आणि २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फक्त एकाला जन्मठेप दिली. कोणाला? भाडोत्री मारेकऱ्याला. भाडे कोणी दिले हा प्रश्न कागदोपत्री तिथेच मिटला.

आता थोडे मागे जाऊ. टोळ्यांना या कामगारांच्या जगात शिरायला जागा कोणी करून दिली? आमचे मत असे की, ती जागा एका कायद्याने आणि एका जमिनीने केली.

कायदा म्हणजे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. त्याप्रमाणे एका भागातल्या एका उद्योगात एकच प्रातिनिधिक संघटना. तिने केलेला करार सगळ्यांवर बंधनकारक. मुंबईच्या कापड उद्योगात ती जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे. ऐकायला सोयीचे वाटते. पण कामगाराला ती संघटना नको असेल तर? गुप्त मतदान नाही. दुसऱ्या संघटनेने संपूर्ण उद्योगातल्या पंचवीस टक्के कामगारांचे सभासदत्व रजिस्ट्रारपुढे सिद्ध करायचे, आणि ते मान्य करणार कोण, तर सरकारी अधिकारी. अडीच लाखांतले पंचवीस टक्के काढा. मालकाला वाटाघाटी कोणाशी करायच्या ते माहीत, संघटनेला सभासद नाराज झाला तरी खुर्ची जात नाही हे माहीत. मधल्या मध्ये साच्यावर उभा असलेला माणूस, आणि त्याहून वाईट म्हणजे रोज सकाळी गेटवर येऊन आज काम आहे का म्हणून विचारणारा बदली कामगार.

१९८१ च्या दिवाळीला बोनसवरून भडका उडाला आणि गिरण्यांचे कामगार घाटकोपरला डॉक्टरांच्या दारात जाऊन बसले. हे मुद्दाम सांगतो, कारण डॉक्टरांनी गिरण्या बुडवल्या असे आजही सहज म्हटले जाते. डॉक्टर कामगारांच्या दारी गेले नव्हते, कामगार त्यांच्या दारी आले होते. मागण्यांत पगारवाढ होती, बदली कामगारांना कायम करणे होते, आणि तो कायदा रद्द करणे होते. पगाराबाबत सरकार-मालक थोडेफार सरकले असते. कायद्याबाबत कोणी इंचभर सरकले नाही. संप चालू असतानाच ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईच्या पोलिसांनीही बंड केले, शहर पेटले. तरी गिरणीचा प्रश्न जिथल्या तिथे. संप कधीही रीतसर मागे घेतला गेला नाही. तो संपला म्हणजे काय झाले, तर माणसे एकेक करून गावी आली. ट्रंक डोक्यावर घेऊन पहाटेच्या गाडीने आली आणि म्हणाली, थोड्या दिवसांसाठी आलो आहे. लाखावर कामगारांना परत काम मिळाले नाही.

आमच्या पिढीने तो काळ गावातून पाहिला. मनीऑर्डर बंद झाली तेव्हा पोस्टमनही त्या घरासमोरून मान खाली घालून जात असे. कोणी भाताच्या खाचरात परत उतरले, कोणी बेळगावात फौंड्रीत लागले. ज्यांची मुले मुंबईतच वाढली होती, त्यांच्यापुढे प्रश्न वेगळा होता. बाप घरी बसलेला, आई खानावळीचे डबे करणारी, आणि नाक्यावर भाई. सगळी पोरे वाममार्गाला लागली हे म्हणणे म्हणजे गिरणगावाचा अपमान आहे, बहुसंख्यांनी इमानाने रिक्षा चालवल्या, शिपाईगिरी केली. पण टोळ्यांना हव्या तितक्या पोरांचा पुरवठा झाला, हेही खोटे नाही.

आणि जमीन. गिरण्यांखाली मुंबईच्या मधोमध सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ मध्ये विकास नियमावलीने ती विकायला वाट करून दिली. नियम असा की साधारण एक तृतीयांश पालिकेला, एक तृतीयांश म्हाडाला, एक तृतीयांश मालकाला. २००१ मध्ये त्यात असा बदल केला की वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची, इमारती पाडून मोकळी होणाऱ्या जमिनीची नव्हे. एका शब्दाच्या फरकाने किती एकर इकडचे तिकडे झाले! २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो बदल कायम केला. तर १९९१ नंतर कापडापेक्षा कापड बंद पडणे जास्त किफायतीचे झाले. गिरणी विकायची तर संघटनेची संमती हवी, कामगार गप्प हवा, जागा रिकामी हवी. ही तिन्ही कामे वकील करू शकत नाही. ७ मे १९९४ रोजी खटाव मिलचे सुनीत खटाव यांची महालक्ष्मी भागात भर रस्त्यात हत्या झाली. भायखळ्याची गिरणी बोरिवलीला हलवून जमीन विकण्याचा विषय तेव्हा तापलेला होता, आणि पोलिसांनी अमर नाईक टोळीकडे बोट दाखवले. १९९७ मध्ये जानेवारीत सामंत, आणि त्याच वर्षी रघुवंशी मिलचे वल्लभभाई ठक्कर. मालक मेले, पुढारी मेला. गिरणगावात राजकीय खून त्याआधीही झाला होता, ५ जून १९७० ला आमदार कृष्णा देसाई मारले गेले होते, पण तो पक्षांच्या वैराचा काळ होता. नव्वदनंतर जे झाले त्याच्या मुळाशी चौरस फुटाचा भाव होता.

आज तिथे गेलात तर फिनिक्सच्या जागी मॉल दिसतो, कमला मिलमध्ये कार्यालये आणि हॉटेले दिसतात. चिमणी शोभेला ठेवली आहे. आपली मुले पुण्या-मुंबईला नोकरीला आहेत, ती तिथे सुट्टीला जाऊन फोटो काढतात. काढू देत. आजोबांचा तिकीट नंबर त्याच खात्यातला होता एवढे त्यांना कोणीतरी सांगावे.

आता मच्छेचे बोलू, नाहीतर तुम्ही म्हणाल पाहुणे मुंबईतच राहिले. आपल्या मच्छेत, उद्यमबागेत कारखाने आहेत, भट्ट्या आहेत, हायड्रॉलिकचे सुटे भाग करणारे छोटे मोठे वर्कशॉप आहेत. आजूबाजूच्या गावांतली, खानापूर तालुक्यातली पोरे सायकलीवरून, आता मोटरसायकलीवरून पाळीला येतात. यांतली बरीच कंत्राटदाराच्या हजेरीवर आहेत. ती जुन्या बदली कामगाराचीच नातवंडे, फक्त नाव बदलले. त्यांच्या बाजूने बोलायला कोण आहे, आणि तो त्यांनी निवडलेला आहे का, हे आम्ही विचारतो. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत म्हटले आहे की हजेरीपटावरील ५१ टक्के कामगार ज्या संघटनेचे सभासद ती वाटाघाटी करणारी एकमेव संघटना, आणि तसे कोणी नसेल तर वीस टक्क्यांमागे एक प्रतिनिधी घेऊन मंडळ. कागदावर हे जुन्या कायद्यापेक्षा बरे दिसते. पण हजेरीपटावर कोणाकोणाची नावे आहेत, यावर सगळे अवलंबून. कंत्राटी पोरगा त्या पटावरच नसेल, तर त्याच्यासाठी १९४६ आणि २०२० यांत फरक काय?

आणि असे काही नाही की सीमाभागात कामगाराला स्वतःची संघटना जमत नाही. निपाणीच्या तंबाखू वखारींत काम करणाऱ्या बायका बघा. तंबाखूच्या खकाण्यात दिवसभर उभे राहून चाळणी मारणाऱ्या, बहुतेक निरक्षर, मालकाच्या आणि मुकादमाच्या अर्वाच्य बोलण्याला सरावलेल्या. ऐंशीच्या सुमारास त्या हजारोंनी एकत्र आल्या. ‘युगांतर’ नावाच्या स्त्रियांच्या चित्रपट गटाने १९८२ मध्ये त्यांच्यावर एक माहितीपट केला, ‘तंबाखू चाकिला ऊब आली’. त्यात त्या बायका स्वतःच बोलतात. गिरणगावात अडीच लाख लोक एका माणसाच्या मागे गेले, आणि तो माणूस पाडला की सगळे पडेल हे कोणाच्या तरी हिशेबात बसले. निपाणीत बोलणाऱ्या तोंडांची संख्याच जास्त होती. आम्हाला डॉक्टरांबद्दल आदर आहे, पण त्यांच्या संघटनेत दुसरे-तिसरे नाव पुढे येऊ शकले नाही ही त्यांचीही उणीव होती, हे आज त्यांच्या नावाने जमलेल्या सभेत बोललो नाही तर कुठे बोलणार.

वेळ झाला आहे, अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. एका चिठ्ठीचे उत्तर देऊन थांबतो. चिठ्ठीत विचारले आहे, ‘वडील संपात घरी आले, आता ते नाहीत, आम्हाला मुंबईत घर मिळणार असे ऐकतो, खरे काय?’ खरे असे की, १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर गिरणीच्या पटावर असलेल्या कामगारांना किंवा त्यांच्या वारसांना घरे देण्याची योजना आहे. अर्ज दीड लाखाच्या घरात गेले, २०१२ मध्ये मोठी सोडत निघाली, पण त्या मानाने मिळालेली घरे फारच थोडी. मुंबईत जागा नाही म्हणून शेलू-वांगणीकडे घरे द्यायचा बेत पुढे आला, त्याविरुद्ध जुलै २०२५ मध्ये कामगार आणि वारस आझाद मैदानावर जमले होते. तेव्हा कोणी एजंट घरी येऊन नक्की मिळवून देतो म्हणून पैसे मागत असेल, तर देऊ नका.

मात्र कागद सांभाळा. गिरणीचे ओळखपत्र, तिकीट नंबर, पगाराची चिठ्ठी, ईएसआयचे कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाची पावती, जे असेल ते. ट्रंकेच्या तळाशी, देवाच्या फोटोमागे, जुन्या पंचांगात बघा. जीर्ण झाले म्हणून लॅमिनेशन करून आणू नका, शिक्का वाचता येत नाही. येत्या रविवारी सकाळी दहा ते एक आमचे दोन कार्यकर्ते याच जागी बसतील. मूळ कागद आणि दोन झेरॉक्स आणा, वारसाचा दाखला असेल तर तोही. ज्येष्ठांना येणे जमत नसेल तर घर सांगून ठेवा, आम्ही येऊ.